एकाच बोटाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. लांबीला तुमच्या करंगळीएवढी. पांढरी होते, आता पिवळट पडले आहे. दवाखान्यात मला स्प्लिंट म्हणतात. शिवणाच्या डब्यात, रिळे आणि बटणे यांच्यामध्ये मी पडून असते. माझ्यात साऱ्या जगातले एकच बोट नीट बसते.

माझा जन्म गरम पाण्यात झाला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापले, पाण्यात बुडवले आणि कणकेसारखी मऊ झाल्यावर एका मावशींच्या मधल्या बोटावर दाबून धरले. थंड होता होता मी त्या बोटाची झाले.

मावशी एका हॉटेलात खोल्या आवरत. गादीखाली चादर घट्ट खोचताना त्यांचे बोट अडकले. दुखले फारसे नाही. पण शेवटचे पेर मान टाकल्यासारखे लोंबले, ते काही केल्या वर होईना.

"पेर उचलणारी दोरी आतून तुटलीये," ताई म्हणाल्या. "ही पट्टी सहा आठवडे, दिवसरात्र. धुवायला काढलीत तरी बोट टेबलावर सपाट ठेवायचं. एकदा जरी वाकलं, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग ते असंच राहील. प्रत्येक चादरीत अडकेल."

हॉटेलात खोल्या दोघी-दोघी मिळून आवरत. मावशींबरोबर खोल्या आवरणाऱ्या मैत्रिणीला दुसरी जोडीदार मिळाली आणि मावशींना तळघरात टॉवेलच्या घड्या घालायला बसवले. पहिल्या दिवशी मैत्रीण बाकीच्या बायकांबरोबर डोकावली.

"अगं, हात मोडला असतास तर फळं आणली असती. एवढ्याशा बोटाला काय आणू? एक द्राक्ष?"

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. मग बाकीच्या वर निघून गेल्या आणि खाली कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर तेवढी उरली. मुलगी दूरच्या गावी नोकरीला. फोनवर ती म्हणाली, "आई, बोटच ना?" मावशी म्हणाल्या, "हो गं, बोटच."

अडतिसाव्या दिवशी मैत्रिणीची नवी जोडीदार आली नाही. सुपरवायझर बाई धावत खाली आल्या. "मावशी, एकच खोली! पाहुणे दारात उभे आहेत." मावशी जवळजवळ पळतच वर गेल्या. कितीतरी दिवसांनी दोघींच्या गप्पा रंगल्या. शेवटचा कोपरा खोचताना मी चादरीत अडकून निसटले आणि बोट वाकले. मैत्रीण उशीला अभ्रा घालत होती, तिला दिसले नाही. मावशींनी मला झटकन पुन्हा चढवले आणि कोपरा दुसऱ्या हाताने खोचला.

चार दिवसांनी सहा आठवडे भरले. ताईंनी विचारले, "मध्ये कधी वाकलं नाही ना?"

'नाही' म्हटले असते, तर उद्यापासून वरचा मजला होता, मैत्रीण होती, मधल्या सुट्टीतला चहा होता. माझ्या आत बोटाला घाम फुटला.

"वाकलं," मावशी म्हणाल्या. "एकदाच. चादर खोचताना."

ताईंनी मला अलगद काढले. पेर अजून थोडे झुकलेलेच होते. "बरं झालं सांगितलंत. ज्या दिवशी वाकलं, त्या दिवसापासून पुन्हा सहा आठवडे."

"बरं," मावशी म्हणाल्या. घरी जाताना त्यांनी मला बोटासकट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवले होते.

दुसऱ्या खेपेला तर थट्टाही संपली. कुणाच्या लक्षातच राहिले नव्हते. टॉवेलची चळत संपली की मावशी माझ्याकडे बघून म्हणत, "चल गं, दुसरी घे." दिवसभरात एवढेच बोलणे.

शेवटी ताई म्हणाल्या, "उचला बघू." पेर हळूच वर आले आणि ताठ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मावशी वरच्या मजल्यावर गेल्या आणि मी या डब्यात आले. त्यांच्यावर माझा राग नाही. काम झालेली पट्टी कोण बोटात घालून बसेल? शेजारच्या मुलीने एकदा मला घालून पाहिले. मी गळून पडले.

मित्रांनो, खांदा निखळो, मनगट मुरगळो, की एकच पेर लोंबो. सांगितले तितके दिवस पट्टी काढू नका. चूक झालीच तर लपवू नका. आणि कुणाच्या बोटावर माझ्यासारखी पट्टी दिसली, तर जवळ बसून एवढेच विचारा, "आज कितवा दिवस?" त्या ऐंशी दिवसांत मावशींना हे कुणीच विचारले नाही. मला आकडा रोज ठाऊक असे. पण मला बोलता येत नव्हते.