आपटून घेतलेलं यंत्र

आमचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या रुग्णालयांच्या एका समूहाकडून आलेल्या खोक्यात सहा स्कॅनर होते आणि ते फुकट होते. आमचे हे त्या खोक्याभोवती असे घुटमळत होते, जणू घरात नवं बाळ आलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "रग्ड आहेत, रग्ड!"

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे दणकट. पडलं, भिजलं, धूळ खाल्ली तरी काही होत नाही. आपल्या धंद्यासाठीच बनवलंय म्हण ना."

आमचा धंदा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा. सासऱ्यांनी सुरू केलेला. आता हे आणि माझी नणंद बरोबरीचे भागीदार आहेत आणि कचेरी मी सांभाळते. रुग्णालयं, वेल्डिंगचे कारखाने आणि घरी आजारी असलेली माणसं, सगळ्यांना भरलेली सिलिंडर पोचवायची आणि रिकामी उचलून आणायची. प्रत्येक सिलिंडरच्या मानेजवळ बारकोडची पट्टी असते. ती स्कॅन केली की कुठलं सिलिंडर कुणाकडे गेलं ते कळतं. तोवर आमचे ड्रायव्हर हे काम साध्या मोबाइलवर करायचे. मोबाइल बिचारे ट्रकच्या फाळक्यावरून काँक्रीटवर पडून प्राण सोडायचे. उन्हात त्यांचा पडदा दिसायचा नाही, आणि चामड्याचे हातमोजे घातले की त्यांना बोट कळायचं नाही. म्हणून खोकं उघडलं तेव्हा ड्रायव्हरही खूश झाले.

एकटी माझी नणंद गप्प होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, चाळिशी उलटली तरीही. ड्रायव्हर तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे फौजदार. तिला दोन्ही ठाऊक आहे, आणि दुसरं तिला जास्त आवडत असावं असा माझा संशय आहे.

"दादा, हे लोक साधा चहा पाजताना हात आखडतात," ती म्हणाली. "सहा यंत्रं फुकट कशी दिली?"

"सगळ्या पुरवठादारांना दिलीत. तू दर गोष्टीत खोट काढू नकोस बाई."

तिनं खोट काढली नाही. खोट आपण होऊन आमच्या दारात आली.

आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे. इतका उंच की ट्रकमधून उतरताना त्याची घडी उलगडल्यासारखी वाटते. त्याला सगळे लंबू म्हणतात. त्याच्या फेरीत एक निवृत्त टायपिंग शिकवणाऱ्या बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांना त्या समूहाच्या रुग्णालयातून ऑक्सिजन लिहून दिलेला होता आणि तो आम्ही पोचवायचो. त्यांचे हात थरथरत, सिलिंडरची चावी त्यांना फिरवता येत नसे. लंबू सिलिंडर वर नेऊन ठेवायचा, नळी जोडायचा, आणि बाईंचा श्वास नीट होईपर्यंत शेजारी खुर्चीवर बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

एके सकाळी माझ्या संगणकावर समूहाच्या पुरवठा विभागाकडून संदेश आला. लंबूच्या नावापुढे लाल खूण होती आणि खाली लिहिलं होतं, 'विनाकारण थांबा, वारंवार.' पुढच्या वेळी असं झालं तर तो माणूस त्यांच्या फेरीवरून काढून टाकावा, अशी सूचनाही होती.

मी ते वाचून दाखवलं. लंबू तिथेच उभा होता. त्याचा चेहरा एवढासा झाला. "मी बसलो होतो वहिनी, पण... त्या निळ्या पडल्या होत्या हो."

"त्यांना कसं कळलं तू किती वेळ बसलास ते?" ह्यांनी विचारलं.

धाकटीनं उत्तर द्यायच्या आधी टेबलावरचं यंत्र उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे सांगतं त्यांना. आपली गाडी कुठे आहे, माणूस कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे. आणि दादा, सगळ्या गिऱ्हाइकांसाठी हीच यंत्रं वापरतायत पोरं. आपले वेल्डिंगवाले कोण, आपण त्यांच्याकडे कधी जातो, तेही त्यांच्याकडे जाऊन बसलंय."

"तुझा काहीतरी गैरसमज—"

"फोन लाव आणि विचार."

ह्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं अगदी गोड आवाजात सांगितलं की हो, तशी सोय आहे, आणि ती बंद करता येत नाही.

धाकटीनं सहाही यंत्रं गोळा केली, बंद करून परत खोक्यात भरली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. "आपण आपली घ्यायची."

इथून आमच्या घरातलं वादळ सुरू झालं. ह्यांचं म्हणणं साधं होतं. समूह म्हणजे आमचा एक तृतीयांश धंदा, त्याच्याशी वाकडं घेऊन चालणार नाही. लंबूला दुसरी फेरी द्यावी, प्रकरण मिटवावं. धाकटीचं म्हणणं त्याहून साधं होतं. मिटवायचं नाही. जेवताना हे माझ्याकडे बघून बोलायचे, "तिला सांग." ती माझ्याकडे बघून बोलायची, "त्याला सांग." मी दोघांना आमटी वाढायची आणि काही सांगायची नाही.

तिनं तीन विक्रेत्यांना बोलावलं, तेही आमच्या आवारात, जिथे ट्रक भरले जातात. "खोलीत बसून चकचकीत चित्रं बघायची नाहीत मला," म्हणाली. ड्रायव्हरांना सांगितलं, हातमोजे घालून या.

पहिल्याचं यंत्र देखणं होतं. सडपातळ, काळंभोर, मोठ्या पडद्याचं. विक्रेता त्याच्याबद्दल बोलताना थांबेना. धाकटी ट्रकवर चढली, फाळक्यापाशी उभी राहिली आणि यंत्र धरलेला हात तिनं बाहेर काढला.

"मॅडम, मॅडम! आपटू नका!"

"रग्ड आहे ना?"

"आहे, पण मुद्दाम आपटायचं नसतं."

"बरं, मग चुकून आपटते." आणि तिनं सोडलं. पडद्यावर कोळ्याचं जाळं उमटलं. विक्रेत्यानं ते इतक्या हळुवारपणे उचललं की आम्हाला त्याची दया आली.

दुसरं यंत्र पडलं, पाण्याच्या बादलीत बुडालं, धुळीत लोळलं आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू राहिलं. पण होतं जड. आमचे मिशीवाले काका, सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ते हातात धरून सिलिंडरची एक रांग स्कॅन करून आले आणि मनगट चोळत म्हणाले, "ताई, ह्याच्यापेक्षा सिलिंडर हलकं लागेल." तरीही धाकटीला ते पटत आलं होतं. मग तिनं विचारलं, ह्यात जमा झालेली माहिती कुठे राहते? विक्रेता म्हणाला, आमच्याकडे, अगदी सुरक्षित. ती म्हणाली, "एकाच्या घरातून निघून दुसऱ्याच्या घरात जायचं नाहीये मला," आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

तिसरं घेऊन आली ती एक बाई होती. यंत्र बुटकं, जाड, मळकट पिवळ्या रंगाचं. सुंदर म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. बाईनं फारसं वर्णनही केलं नाही. ट्रककडे बोट दाखवून म्हणाली, "टाका." धाकटीनं टाकलं. ते उसळलं, घरंगळत चाकाखाली गेलं. लंबूनं वाकून काढलं, हातमोज्यानंच खटका दाबला आणि समोरचं सिलिंडर स्कॅन केलं. टिंग! भर उन्हात पडदा दिसत होता. नेटवर्क नसलेल्या तळघरातही ते सगळं साठवून ठेवत होतं आणि कचेरीत आल्यावर आमच्याच संगणकावर उतरवत होतं. बॅटरी रस्त्यात बदलता येत होती.

"माणूस कुठे आहे ते दाखवायची सोय?" धाकटीनं विचारलं.

"हवी असेल तर घालून देते. नको असेल तर यंत्रात नसेलच."

"नको."

मग लंबूनं एक जुनं, घासून घासून पट्टी पुसट झालेलं सिलिंडर पुढे आणलं. दोनदा यंत्र मुकं राहिलं, तिसऱ्यांदा वाजलं. बाई म्हणाली, "प्रत्येक वेळी वाचेलच असं मी सांगणार नाही. तुमच्या पट्ट्या बदलायला झाल्यात." धाकटी पहिल्यांदा हसली.

इतका वेळ हे वरच्या खिडकीत हाताची घडी घालून उभे होते. आता ताडताड जिना उतरून खाली आले. लंबूच्या हातून यंत्र घेतलं आणि कुणाला काही कळायच्या आत सगळा जोर लावून फरशीवर आपटलं. आठवडाभर बहिणीवर काढता न आलेला राग होता तो. यंत्र भिंतीला जाऊन धडकलं. मिशीवाल्या काकांनी उचलून सिलिंडरसमोर धरलं.

टिंग!

सगळे हसले. हे हसले नाहीत. "घ्या," म्हणाले, "पण त्यांना तोंड द्यायला तूच जायचं."

"मीच जाणार आहे," ती म्हणाली. "तू बरोबर ये."

गेलो आम्ही तिघं. समूहाचा पुरवठाप्रमुख सभ्य माणूस होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. धाकटीनं चिकटपट्टी लावलेलं ते खोकं त्याच्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्या रुग्णांकडे गेलेल्या प्रत्येक सिलिंडरची नोंद तुम्हाला त्याच दिवशी मिळेल, आमच्या यंत्रातून," ती म्हणाली. "आमचा माणूस कुठे उभा राहतो, कुठे बसतो, ते मिळणार नाही."

"ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे. आणि यात कामाची शिस्त राहते. तुमचा तो ड्रायव्हर नुसता बसून राहतो."

"तो तीन मजले चढून जातो, नळी जोडतो आणि बाईंचा श्वास परत येईपर्यंत थांबतो. तुमच्याकडे त्याला विनाकारण म्हणतात. आमच्याकडे ते काम आहे. त्याला मी शिक्षा करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही."

"मग करार पुढे चालवता येणार नाही."

"नका चालवू."

तो ह्यांच्याकडे वळला. "तुम्ही मोठे आहात. तुम्ही तरी समजवा."

हे चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "निघू या," आणि उठले.

गाडीत मात्र बांध फुटला. "बाबांनी जोडलेलं गिऱ्हाईक तू पाच मिनिटांत घालवलंस! नका चालवू म्हणे! कोणी शिकवलं तुला हे?" धाकटी मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. माघार घेतल्याचा एक शब्द तिच्या तोंडून आला नाही.

करार गेला तो गेलाच. एक ट्रक विकावा लागला. मिशीवाल्या काकांनी वेळेआधी निवृत्ती घेतो म्हणून सांगितलं, तर धाकटीनं त्यांना सिलिंडर भरायच्या केंद्रावर बसवलं. नव्या बारकोडच्या पट्ट्या चिकटवायचं काम दिलं. ते दिवसभर कुरकुरत, पट्टी मात्र एकही वाकडी नसे. समूहाकडून आमच्याकडे येणारे घरचे रुग्ण दुसऱ्या पुरवठादाराकडे गेले. टायपिंगच्या बाई तेवढ्या गेल्या नाहीत. त्यांनी समूहाला फोन करून, श्वास पुरेल तसं तोडून तोडून सांगितलं म्हणे, की माझ्या घरात कुणी किती वेळ बसायचं ते मी ठरवते. मग आमच्याकडे थेट नाव नोंदवलं. लंबू आला की त्याच्या कमरेला तो पिवळा ठोकळा बघून त्या विचारतात, "हा माझं बोलणं ऐकतो का रे?" तो म्हणतो, "बहिरा आहे, बाई."

बहीणभावाचं बोलणं मात्र कामापुरतंच उरलं होतं. हे सकाळी लवकर निघायचे आणि नवी गिऱ्हाइकं शोधत कारखान्या-कारखान्यांतून फिरायचे. कुठे गेलो, काय झालं, काही सांगायचे नाहीत.

एकदा मला वाटेत उतरायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. वाटेत एक फॅब्रिकेशनचा कारखाना होता, तिथे ते थांबले. मालक ओळखीचा निघाला. लोखंडाच्या ठिणग्या उडत होत्या, वेल्डिंगच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तो ह्यांच्या जवळ तोंड आणून जोरात म्हणाला, "ऐकलं मी. बहिणीच्या हट्टापायी एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हणे तुमचं? बायकांच्या हातात कारभार दिला की..."

गाडीतून उतरून मागून आलेली मी दारातच थबकले. ह्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"हट्ट नाही," हे म्हणाले. आवाज एवढा चढला की वेल्डिंग करणाऱ्यानं डोळ्यांवरची ढाल वर केली. "कंपनीचा निर्णय होता. तिला जे आधी दिसलं ते मला उशिरा दिसलं, एवढंच. आमच्या माणसांवर दुसऱ्यांनी पाळत ठेवायची आणि आम्ही मुकाट्यानं बघायचं, ते आमच्याकडे चालत नाही. तुम्हाला आमच्याकडून गॅस घ्यायचा असेल तर घ्या, नसेल तर तसं सांगा. बहिणीबद्दल बोलायचं काम नाही."

मालक ओशाळला. "तसं नाही हो... बसा ना."

"उभाच बरा आहे. बोला."

संध्याकाळी कचेरीत ह्यांनी धाकटीच्या टेबलावर एक कागद सरकवला. "फॅब्रिकेशनवाला. सोमवारपासून सिलिंडर सुरू करायचीत. एक स्कॅनर जास्त लागेल."

"आपण त्याला दिलेला दर?" तिनं न बघताच विचारलं.

"आपलाच. कमी केला नाही."

तिनं मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. मग फोन उचलला आणि त्या तिसऱ्या विक्रेतीला लावला. हे तिथेच उभे राहिले आणि ती बोलत असताना मधेच म्हणाले, "तिला सांग, येताना दोन आणायला. एक मी फोडीन बहुतेक."