एका दिवसाचे सामान

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे सामान मी वाहते. माझी चेन लागत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याविषयी बोलताना लोक तिथूनच सुरुवात करतात. दुसरी गोष्ट माझ्या वासाची. पंधरा वर्षे बारा जणींचे बूट आणि मोजे पोटात घेऊन हिंडून दाखवा, मग त्यावर बोलू.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. एका मोठ्या तंबूचे कापड उरले होते. हिरवे, जाड, पाण्याला अजिबात दाद न देणारे. त्यातून त्याने मला बेतले. त्याला सवय तंबूंची, त्यामुळे माझे माप जरा सढळच झाले. पट्ट्यांना त्याने दुहेरी शिवण घातली आणि मला हातात तोलून म्हणाला, "ही माझ्यापेक्षा जास्त टिकेल." चेन मात्र त्याने बाजारातून आणून लावली होती.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. कप्तान मला ओल्या फडक्याने पुसत असे. मुली मला दोघींनी मिळून उचलत आणि हळूच खाली ठेवत. तिसऱ्या वर्षी कुणीतरी आत दोन चेंडू जास्तीचे कोंबले. चेन लागेना, म्हणून दोघी माझ्यावर बसल्या आणि तिसरीने चेन ओढली. त्यात चेनचे दात गेले. तेव्हापासून सेफ्टी पिना झाल्या, नाडी झाली, एकदा तर केसांच्या चिमट्यांवर भागवले. रंग हिरवा आणि तोंड कायम उघडे, त्यामुळे माझे नाव 'मगर' पडले. मग उचलणे बंद झाले आणि पायाने सरकवणे सुरू झाले. वाईट वाटले, पण कुणाला सांगणार?

आता आमच्या संघाविषयी. आमचा संघ दरवर्षी कॉलेजांच्या स्पर्धेला जायचा आणि पहिल्याच सामन्यात हरायचा. सलग अकरा वर्षे हा नेम चुकला नव्हता. त्यामुळे सगळे कसे आखीवरेखीव असे. सकाळी सहाची बस, दहाला सामना, साडेअकरापर्यंत पराभव, मग जेवण आणि दोनच्या बसने परत. परतीची तिकिटे आधीच काढलेली असत. सामान नेहमी एका दिवसाचे. प्रत्येकीची एक जर्सी, मोज्यांचा एक जोड, एक टॉवेल. दुसरा टॉवेल नेणे म्हणजे उगाच स्वप्ने बघणे, असे सगळ्यांचे मत होते.

संघाच्या प्रशिक्षक होत्या भूगोलाच्या मॅडम. त्या स्वतः कधी बास्केटबॉल खेळल्या नव्हत्या. पण कपाटावरचे नकाशे त्या स्टुलाशिवाय काढत, एवढ्या भांडवलावर त्यांची नेमणूक झाली होती. खेळाचे नियम त्या पुस्तकातून शिकल्या. खरा हातखंडा मात्र त्यांच्या एकाच भाषणाचा. ते हरल्यानंतर करायचे भाषण होते. "मुलींनो, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नसतं. पर्वत उभा राहायला कोट्यवधी वर्षं लागतात," अशी त्याची सुरुवात होती. अकरा वर्षांत मला ते इतके पाठ झाले होते की मॅडम कुठे श्वास घेतात, तेही मी सांगू शकले असते.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी कपाटात एक नवी बॅग आली. निळी, चाकांची, आणि चेन अशी की एका बोटाने लागावी. मॅडमनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि कप्तानला म्हणाल्या, "उद्या मगरीला शेवटचं घेऊन जाऊ. हरलो की आपापलं सामान आपापल्या पिशवीत घ्या आणि हिला तिथंच स्टँडवर सोडून द्या. परत वागवत आणू नका."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पोटात तेव्हा दोन चेंडूही होते, पण हा वेगळा. आमचा संघ साडेअकरापर्यंत हरतो, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणजे माझे आयुष्य उद्या दुपारपर्यंतच होते.

पहिला सामना गतवर्षीच्या विजेत्यांशी होता. त्यांच्या प्रशिक्षकांनी आमच्याकडे एक नजर टाकली आणि आपल्या पाच चांगल्या खेळाडू उद्यासाठी बाकावर बसवून ठेवल्या. आमच्या संघात एक मुलगी होती, तिला सगळ्या मुंगी म्हणत. ती इतकी बुटकी की चेंडू तिच्यापुढे असला की नुसता चेंडूच पळत येतोय असे वाटे. समोरच्या उंच मुली तिला शोधत राहिल्या आणि ती त्यांच्या हाताखालून जाऊन गुण करत राहिली. त्या पाच जणी घाईघाईने मैदानात उतरल्या तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

मॅडम सवयीने उभ्या राहिल्या. "मुलींनो, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नसतं..."

"मॅडम, आपण जिंकलो," कप्तान म्हणाली.

"हो का?" मॅडम गोंधळल्या. "मग आता काय करतात?"

हे कुणालाच माहीत नव्हते. आयोजकांनी सांगितले की उद्या दहाला पुढचा सामना आहे आणि निजायला एक वर्ग मिळेल. बाके जोडून पलंग झाले. जर्सी धुवायला हव्यात, पण साबण कुणाकडेच नव्हता. मॅडमनी घरी फोन लावला.

"अहो, मी आज येत नाही."

"का? कुणाला लागलं का?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"नाही हो. जिंकलो आम्ही."

"कसं काय?"

"ते अजून आम्हालाही कळलेलं नाही. भाजी फ्रीजमध्ये आहे."

आम्ही एकटेच नव्हतो. त्या दिवशी सोळापैकी चार मोठे संघ गारद झाले. भिंतीवर सामन्यांचा तक्ता लावला होता, त्यात आयोजकांनी पुढच्या फेऱ्यांची नावे हौसेने आधीच पेन्सिलीने लिहून ठेवली होती. संध्याकाळी एक कारकून खोडरबर घेऊन तिथे उभा होता आणि त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुली नुसत्या पाण्यात खळबळलेल्या, अर्धवट वाळलेल्या जर्सी घालून खेळल्या. सामना बरोबरीत आला, जादा वेळ खेळवला गेला, आणि आम्ही पुन्हा जिंकलो. आता मात्र माझे दिवस पालटले. एका भाबड्या मुलीने माझा उसवलेला कोपरा शिवायला सुई काढली, तर बाकीच्या तिच्यावर ओरडल्या. "हात लावू नकोस! ती आहे तशीच राहू दे!" मला पुन्हा दोघी मिळून उचलू लागल्या. मुंगी तर मैदानात जाण्याआधी माझ्यावर हात फिरवून जाई. मी काही केले नव्हते, पण मानाला नाही कशाला म्हणायचे? त्यांना जिंकायचे होते ते कपासाठी. मला एक दिवस आणखी जगायचे होते. आमचे छान जमले.

तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात जो संघ समोर आला, तोही आमच्यासारखाच निघाला. कुणाच्या खिजगणतीत नसलेला, एका दिवसाचे सामान आणलेला. त्यांची बॅग म्हणजे एक गोणपाटाची पिशवी होती. ती बिचारी बाकाखाली माझ्या शेजारीच पडली होती. तिच्या नशिबात काय लिहिले आहे, ते मला माहीत नव्हते, पण मी तिच्याकडे बघायचे टाळले. आम्ही चार गुणांनी जिंकलो. त्यांची कप्तान डोळे पुसत आली आणि तिने माझ्या उघड्या तोंडात एक साबणाची वडी टाकली. "आमची अर्धी उरलीय. उद्या अंतिम सामना ना तुमचा? स्वच्छ कपड्यांत खेळा," ती म्हणाली. मग इतर हरलेल्या संघांनीही कुणी मोजे दिले, कुणी टॉवेल. घरी जायचे सोडून त्या सगळ्या आमचा सामना बघायला थांबल्या.

अंतिम सामना मोठ्या दिमाखाच्या संघाशी होता. त्यांना पाणी द्यायलासुद्धा वेगळा माणूस होता. पण आमच्या मुलींनी त्यांना रडकुंडीला आणले. शेवटची चार सेकंद उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू मुंगीच्या हातात होता. तिने तो फेकला. तो कड्यावर पडला, दोन वेळा गोल फिरला, आणि बाहेर पडला.

मुंगी मैदानातच बसून रडू लागली. सांगायला लाज वाटते, पण मला आधी माझेच आठवले. स्टँड आठवला.

सगळ्या मुली मॅडमभोवती जमल्या. अकरा वर्षे घासून तयार झालेले भाषण आता कामी येणार होते. मॅडमनी तोंड उघडले. "मुलींनो..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग एकदम वळून तरातरा पंचांकडे निघाल्या. "धक्का दिला तिला! ढळढळीत धक्का दिला! नकाशात एवढीशी नदी दिसते मला, आणि तुम्हाला समोरचं दिसलं नाही?"

कप्तान मागे धावली. "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नसतं?"

"कोण म्हणतं?" मॅडम गरजल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आले, आणि त्या आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या. माझ्यावर याआधी पुष्कळ जणी बसल्या होत्या, पण रडणारी प्रशिक्षक पहिलीच. मुली त्यांना बिलगल्या. मुंगीने त्यांचे डोळे पुसले, तेही माझ्या पोटातल्या उसन्या टॉवेलने.

स्टँडवर बस लागली. उसने मोजे आणि टॉवेल ज्यांचे त्यांना परत गेले होते, आपापले सामान आपापल्या पिशव्यांत गेले होते. मी रिकामी झाले. कप्तानने मला कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले आणि माझ्या पट्ट्यावर थोपटले. "मगरबाई, रागावू नकोस गं," ती म्हणाली. मॅडमची आज्ञा होती आणि त्या दिवशी मॅडमना काही विचारण्याची कुणाची छाती नव्हती. बस चालू झाली. शेजारच्या डब्यातून केळ्याच्या साली माझ्याकडे बघत होत्या.

इतक्यात बसमधून कंडक्टरचा आवाज आला. "ओ बाई, हा उपविजेत्यांचा कप असा मांडीवर उघडा नाही चालणार. ब्रेक लागला तर कुणाचा तरी डोळा फुटेल. पिशवीत घाला."

तो कप म्हणजे हातभर उंच, लांब मानेचा आणि दोन कान पसरलेला. कुठल्याच पिशवीत जाईना.

"आपली बॅग कुठंय?" मॅडमनी विचारले.

"तुम्हीच म्हणालात, हरलो की सोडून द्या."

"अगं, पहिल्या दिवशी हरलो तर, असं म्हटलं होतं मी!"

असे त्या मुळीच म्हणाल्या नव्हत्या. पण मी कशाला तोंड उघडू? ते उघडेच होते. मॅडम लांब लांब टांगा टाकत स्वतः खाली उतरल्या, त्यांनी मला उचलले आणि बसमध्ये नेऊन मांडीवर घेतले. कप माझ्या आत अलगद बसला आणि त्याची मान बाहेर राहिली. चेन धड असती, तर त्याला मान बाहेर काढता आली नसती. उरलेला साबणाचा तुकडा कुणाच्या ध्यानात न येता माझ्या तळाशी तसाच राहिला होता.

नव्या बॅगेत तो कप बसला नाही. ती आता मॅडमचे नकाशे वाहते. यंदा स्पर्धा आली तेव्हा मॅडमनी स्वतः यादी लिहिली. चार दिवसांचे कपडे, चार दिवसांचे टॉवेल, साबणाच्या सहा वड्या. परतीची तिकिटे काढली नाहीत.

आणि मित्रांनो, आम्ही पहिल्याच दिवशी हरलो. चांगले तीस गुणांनी हरलो.

मुलींनी माना खाली घातल्या. मॅडमनी भाषण केले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "चार दिवसांचे कपडे आणलेत ना? मग चार दिवस बघूया. कोण कुणाला चीत करतं ते कळायला नको?" आणि आम्ही खरोखर राहिलो. रोज सकाळी पायऱ्यांवर जागा धरायची, ज्यांच्याकडून कुणाला आशा नाही त्यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडायचे, आणि तक्त्यापाशी जाऊन कारकुनाला खोडरबर आणून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अनपेक्षितपणे जिंकलेल्या एका छोट्या संघातली मुलगी संकोचत आमच्यापाशी आली. "मॅडम, तुमच्याकडे थोडा साबण मिळेल का?"

"किती दिवसांचं सामान आणलंय गं तुम्ही?" मॅडमनी विचारले.

"एकाच."

मॅडम हसल्या आणि त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले. "घे. टॉवेलही घे, मोजेही घे. लागेल ते सगळं घे."

म्हणून मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला काढाल, तेव्हा तिच्यात अजून काय मावते, ते एकदा बघून घ्या. एवढेच माझे मागणे आहे. त्या मुलीने भीत भीत माझ्या आत हात घातला. साबण लगेच सापडला. माझी चेन लागत नाही, त्यामुळे मला उघडावे लागत नाही.