नवव्या पानाच्या पुढं

मित्रांनो, प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात एक कपाट असं असतं की तिकडं कुणी फिरकत नाही. काळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची जाडजूड बाडं त्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या महाविद्यालयातल्या तसल्याच कपाटात, डावीकडून चौथा मी. मी एक जुना शोधप्रबंध. पीएच.डी.साठी माणूस पाच-सहा वर्षं जिवाचं रान करून जे लिहितो ना, ते म्हणजे मी. वय वर्षं अडतीस. पाठ जरा निखळली आहे, पण आठवण खणखणीत आहे हो!

माझी आई द्वारका मगरे. लिहिणाऱ्या बाईला मी आईच म्हणतो, तुम्ही हसा हवं तर. त्या काळी गावोगावी अडाणी राहिलेल्या बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग निघायचे आणि महिन्याभरात ओस पडायचे. गावातले शहाणे सांगायचे, "बायकांना आवडच नाय शिकायची." आईला हे काही पटेना. एक वेळ भाकरी कमी पडली तरी पोरांची पाटी-पेन्सिल कमी पडू द्यायची नाही, अशा घरात ती वाढली होती. मग ती चिकलठाण्याच्या पलीकडच्या चार गावांत हिंडली. एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि उरलेलं पायी.

एका वस्तीत तिला साळूबाई भेटली. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारी, तोंडाची मोठी फटकळ. ती म्हणाली, "बाई, वर्ग भरतो मारुतीच्या पारावर. तिथून जाताना आम्ही पायातली वहाण हातात घेतो, तिथं मांडी घालून बसावं कसं? अन् येळ तरी कोणती, दिवेलागणीची! चुलीला काय सांगू, थांब जरा, मी अ आ काढून येते?"

आईनं काय केलं, वर्ग उचलला आणि दुपारच्या वेळी साळूबाईच्या अंगणात भरवला. वस्तीतल्या त्रेचाळीस बायकांपैकी चाळीस रोज यायला लागल्या. अंगण पुरेना, तेव्हा शेजारच्या ओट्यावर बसल्या. हे सगळं माझ्या पाचव्या प्रकरणात आहे, तक्त्यांसकट.

औरंगपुऱ्यातल्या एका टंकलेखकानं मला टाइप केलं. टाइप करता करता तो मध्येच थांबायचा आणि आईला विचारायचा, "ताई, मग त्या साळूबाईला जोडाक्षरं आली का?" बांधणीवाल्यानं खळ लावून पुठ्ठा चढवला. पदवी मिळाली त्या दिवशी प्राचार्यांनी मला हातात धरून सगळ्यांसमोर आईचं कौतुक केलं. काय सांगू, छाती फुगून माझी शिवण सुटायची बाकी होती! त्यानंतर मी कपाटात गेलो आणि सात वर्षं कुणी हाक मारली नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं दुखणं कळेल. नवं संशोधन करणाऱ्यानं आधीच्या लोकांनी काय शोधलं ते वाचायचं असतं आणि आपल्या प्रबंधात नोंदवायचं असतं. त्याला पूर्वसाहित्याचा आढावा म्हणतात. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना हाक येते ती याच कामासाठी.

तर, १९९४ साली एक उंच, घाईतला तरुण आला. त्यानं माझी पहिली नऊ पानं वाचली. नवव्या पानावर आईनं लिहिलं होतं, 'ग्रामीण प्रौढ स्त्रियांना शिक्षणाची आवड नसते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.' ही झाली लोकांची समजूत. आई ती पुढं पुराव्यानं खोडणार होती. पण पठ्ठ्यानं तेवढंच उतरवून घेतलं, घड्याळ बघितलं आणि मला मिटलं. वर्षभरानं त्याचा प्रबंध आला. त्यात लिहिलं होतं, 'मगरे यांच्या मते ग्रामीण प्रौढ स्त्रियांना शिक्षणाची आवड नसते.'

अरारा! ज्या मताला आईनं धूळ चारली, तेच तिच्या नावावर चिकटलं! आणि मित्रांनो, पुढचं मेंढरू विहिरीत पडलं की मागची थांबतात थोडीच? नंतरच्या बारा जणांनी मला उघडलंसुद्धा नाही. त्या तरुणाचं वाक्य उचललं आणि खाली माझं नाव ठोकून दिलं. ते सगळे प्रबंध माझ्याच शेजारी येऊन उभे राहिले. शेजाऱ्याच्या पोटात काय आहे ते कधी लपतं का? रोज ऐकत होतो. आवड नव्हती म्हणे!

एकदा आई आली होती. तिनं शेजारचा एक प्रबंध सहज चाळला, आपलं नाव दिसलं म्हणून वाचलं, आणि जागेवर ठेवून दिला. मला हात न लावताच गेली. त्या दिवसाइतकं वाईट मला कधी वाटलं नाही, कसरीनं कोपरा खाल्ला तेव्हासुद्धा.

मग गेल्या वर्षी विशाखा आली. तासिका तत्त्वावर शिकवून पीएच.डी. करणारी, बारीकशी, चष्म्याची पोरगी. तिची एक खोड होती. शेवटचं पान उलटल्याशिवाय ती कुठल्याही पुस्तकाचं नाव आपल्या वहीत लिहायची नाही. ग्रंथालयातले शिपाई सांडूमामा तिला चिडवायचे.

"अगं पोरी, बाकीचे इकडचं तिकडं उतरवून मोकळे होऊ लागले. तूच लई येडी!"

"मामा, ज्याच्या घरी जेवलेच नाही, त्याच्या स्वयंपाकाला नाव कसं ठेवू?" ती म्हणायची.

तिनं मला तीन दिवस वाचलं. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांनी माझी मधली पानं कुणी उलटली तेव्हा ती कडकड वाजली! पाचव्या प्रकरणाशी ती थबकली. साळूबाईच्या चुलीपाशी खुदकन हसली आणि मग डोळे पुसत बसली. नंतर तिनं शेजारचे प्रबंध एकेक करून काढले. कुणी कुणाचं उतरवलं ते मागं मागं शोधत गेली आणि शेवटी १९९४च्या प्रबंधापाशी पोहोचली. त्यावरचं नाव तिनं दोनदा वाचलं.

नाव होतं इंद्रजीत बोराडे. म्हणजे इंद्रजीत सर, तिचे स्वतःचे मार्गदर्शक! केस पिकले होते म्हणून मीही ओळखलं नव्हतं.

आली का पंचाईत? मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही. पण विशाखाला सहीपेक्षा सरांचीच काळजी जास्त. तिची आई वारली तेव्हा हेच सर रोज घरी येऊन बसले होते. त्यांची चूक चारचौघांत मांडायची कोणत्या तोंडानं? आणि नाही मांडली तर त्या चाळीस बायका जन्मभर बिनआवडीच्या राहणार. दोन दिवस ती मला कपाटातून काढायची आणि परत ठेवून द्यायची. अखेर तिनं मला सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "सर, हे एकदा शेवटपर्यंत वाचता का?"

सर खिडकीपाशी बसले. दुपारभर वाचत राहिले. सांडूमामांनी आणलेल्या चहावर साय धरली. संध्याकाळी त्यांनी मला हळूच मिटलं आणि निघून गेले.

"सर काहीच बोलले नाहीत, मामा," विशाखा रडवेली झाली.

"मोठ्या माणसाला गिळायला येळ लागतो, पोरी. थांब जरा," मामा म्हणाले.

आठवड्यानं समितीसमोर तिचं सादरीकरण होतं. आम्हा प्रबंधांना ग्रंथालयाबाहेर जायची बंदी असते, पण त्या दिवशी खास परवानगी काढून सांडूमामांनी मला फडक्यात गुंडाळून सभागृहात नेलं. टेबलावर ठेवलं आणि मी समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. माझी आई! मधल्या दिवसांत सरांनी शहरातल्या छावणी भागात घरोघर चौकशी करून तिचा पत्ता लावला होता आणि हात जोडून तिला बोलावून आणलं होतं. हे मला मामांनी नंतर सांगितलं.

विशाखा बोलायला उभी राहिली. माझं नववं पान वाचलं, मग पाचवं प्रकरण सांगितलं. "ही चूक तेरा प्रबंधांत आहे," ती म्हणाली आणि नावं वाचली. वाचून खाली बघत उभी राहिली.

"थांब," इंद्रजीत सर म्हणाले. "तेरा म्हणालीस आणि नावं बाराच घेतलीस. पहिलं घे."

"सर, राहू द्या ना..."

"विशाखा, हा आढावा आहे. इथं नात्यागोत्याला जागा नसते. घे नाव."

तिनं नाव घेतलं. सर उठले आणि मागच्या रांगेकडं वळले.

"बाई, मी नऊ पानं वाचली आणि लोकांचं बोलणं तुमच्या तोंडी घातलं. तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. माफी मागायलाही तोंड नाही मला."

आई सावकाश उठली. "माझी माफी सोपी आहे, सर. मी दिली. पण चाळीस जणींची राहिली. त्यातल्या काही जणी गेल्या. साळूबाई मात्र अजून धडधाकट आहे. जाता का?"

"कधी जायचं?"

"आज तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

सादरीकरण आटोपल्यावर सरांच्या गाडीत सगळे कोंबून बसले. मामा म्हणाले, "हे नियमात बसत नाय. म्हणून मी बी येतो." आणि मला मांडीवर घेऊन तेही बसले.

साळूबाई आता पंच्याहत्तरीची आहे. सरांनी तिच्या समोर बसून सगळं खरं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग मला मामांकडून ओढून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि पाचव्या प्रकरणातलं आपलंच बोलणं, अक्षराखाली बोट फिरवत, मोठ्यानं वाचून काढलं. जोडाक्षरांसकट! आईनं पदर तोंडाला लावला होता. मला तर कसं सांगू काय झालं ते.

वाचून झाल्यावर तिनं सरांना विचारलं, "चुकीचं लिहलेलं खोडता येतं का हो?"

"छापलेलं खोडता येत नाही, मावशी. पण खरं नव्यानं लिहिता येतं. ही पोरगी लिहिते आहे. मीही लिहिणार आहे."

"लिहा मंग. अन् झालं की आधी माझ्याकडं आणा," साळूबाई म्हणाली. "मी तपासून देते."

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांची धूळ झटकलीत तर बरंच वाटेल. कसर लागू नये म्हणून चार लवंगा ठेवल्यात तर आणखी बरं वाटेल. पण खरी काळजी घ्यायची असेल तर आमचं नाव लिहिण्याआधी आम्हाला शेवटपर्यंत वाचा. आमच्या पोटात माणसं असतात. त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडून उठू नका.