स्वयंपाकघरातली शीव

एनिड टॅपस्कॉट स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीला मेणबत्ती घासत होती. हिवाळ्यात लाकूड फुगलं की खिडकी रुसल्यासारखी बसून राहायची, आणि आज तर ती उघडायलाच हवी होती. दरवर्षीप्रमाणे आज गाव काठ्या घेऊन आपली शीव फिरणार होतं. मागच्या दाराने सगळे आत येणार, स्वयंपाकघर ओलांडणार आणि या खिडकीतून बाहेर पडणार. हॅदरबरीची शीव त्या घरातूनच जात होती, त्याला कोण काय करणार?

बाहेर नदीवरून आलेलं धुकं अजून उठलं नव्हतं. ओढ्याकाठचा हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी इतका लदबदला होता, की धुकं कुठे संपतं आणि फुलं कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. ओट्यावर बेदाण्यांचे बन फडक्याखाली निवत होते. दारात गोणपाट अंथरलेलं होतं. "बूट पुसा!" हे एनिडचं वाक्य गावात इतकं प्रसिद्ध होतं, की बाजारात पोरं तिची नक्कल करून आपापल्या आयांना हसवायची.

दार वाजलं. नगर-कचेरीचा नवा चिटणीस प्राउस हातात नकाशाची गुंडाळी घेऊन उभा होता. माणूस भला होता, पण हसायच्या आधी परवानगी काढल्यासारखा चेहरा करायचा.

"मिसेस टॅपस्कॉट, एक चांगली बातमी आहे. तुम्हाला आता दरवर्षीचा हा त्रास नाही."

"कसला त्रास?"

"हेच, घरातून मिरवणूक जाण्याचा. मी जुने नकाशे तपासले. शीव तुमच्या मागच्या कुंपणातून जाते, मग ओढ्यातून. तुमच्या घराला ती शिवतसुद्धा नाही."

एनिड स्टुलावरून खाली उतरली. मेणबत्ती तिने एप्रनच्या खिशात ठेवली.

"शीव फिरताना माझा नवरा जन्मभर सगळ्यांच्या पुढे काठी धरून चालला, मिस्टर प्राउस. त्याला शीव ठाऊक नव्हती?"

"कुठेतरी चूक झाली असेल," प्राउस हळूच म्हणाला. "होतं असं." आणि बाजारचौकातल्या क्रॉसपाशी लोक जमले असतील म्हणून तो घाईने निघून गेला.

एनिड खुर्चीवर बसली. रूबेन गेल्यापासून या घरात कोण येत होतं? पोस्टमन, आणि तोही दारातूनच. वर्षातला हा एक दिवस घर माणसांनी भरायचं, आणि त्या दिवसाच्या तयारीत तिचा अख्खा वसंत जायचा. तो दिवसही आता गेला. तिला रडू आलं नाही, रागच आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

चर्चची घंटा झाली. दूरवर काठ्यांचे आवाज सुरू झाले. सोललेल्या विलोच्या पांढऱ्या काठ्यांनी लोक कुंपणं आणि दगड बडवत शीव फिरत होते. धुक्यातून तो आवाज कधी जवळ यायचा, कधी विरून जायचा, आणि ऐकता ऐकता एनिड त्या पहिल्या मे महिन्यात जाऊन पोचली.

ते दोघं या घरात नुकतेच राहायला आले होते. ती समुद्राकडची, तिला इथल्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. त्या हिवाळ्यात बाळ झालं आणि दोन दिवसांत गेलं. त्यानंतर ती माडीवरच्या खोलीतून खाली उतरेना. मंगळवारच्या बाजाराची घंटा वाजली की कानावर उशी दाबायची. रूबेन खोगिरं शिवणारा, कातड्याशी बोलेल पण माणसाशी नाही. तो जेवण वर आणून ठेवायचा आणि गुपचूप खाली जायचा. मग एका सकाळी खाली बुटांचा धडधडाट झाला. ती घाबरून जिन्यात आली, तर स्वयंपाकघरात निम्मं गाव उभं! रूबेन हातातल्या काठीकडे बघत म्हणाला होता, "शीव इथूनच जाते, एनिड. माझा नाइलाज आहे. जरा खिडकी उघड." तिने उघडली. कोणी पाणी मागितलं, तिने किटली ठेवली. सगळे गेल्यावर फरशीवर हा चिखल! ती तो घासत बसली, साबण संपला, आणि मंगळवारी साबण आणायला ती बाजारात गेली.

काठ्या अगदी मागच्या फाटकाशी येऊन थांबल्या. बाहेर गलका झाला.

"इकडून नाही, कुंपणातून," प्राउस सांगत होता.

"आतून जाते," खाटीक डेझमंड हॉब्लीचा भरडा आवाज आला. "पन्नाशी उलटली माझी, मला शिकवू नका."

"पुरावा काय?"

"माझं बूड! पोर असताना त्या उंबरठ्यावर आपटलंय मला. शिवेच्या जागी पोरं आपटायची, म्हणजे जागा विसरत नाहीत. शीव अशीच राखतात, साहेब, कागदावर नाही."

"माझंही तिथेच आपटलं," कोणीतरी म्हणालं. "आणि माझं!" हशा पिकला.

एनिडने दार उघडलं. हशा थांबला.

"डेझमंड, खरं सांग. तुला आपटलं, त्याच्या आदल्या वर्षी शीव कुठून गेली होती?"

डेझमंडने टोपी काढली. एवढा दांडगा माणूस, पण टोपीची कड चाचपत राहिला.

"ओढ्यातून, एनिड आँटी. विजारी भिजायच्या आमच्या."

"मग?"

"मग रूबेन फाटकापाशी थांबला. म्हणाला, पोरांनो, आज शीव जरा वाकडी चालणार आहे. आणि आम्हाला एकेकाला उचलून आपटलं. विसरलात तर याद राखा, म्हणाला. कोण विसरतंय? आठवडाभर बसता येत नव्हतं."

"आणि मोठी माणसं?"

"मोठ्यांना माहीतच होतं, आँटी. तुझं... तुझं सगळं."

एनिडने एकेकाकडे पाहिलं. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता. गावभर ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं एकाच्याही तोंडून चकार शब्द फुटला नव्हता. आणि रूबेन? काठीकडे बघून बोलत होता, लबाड.

"म्हणजे मिस्टर प्राउसचंच बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत वळली. दार लोटलं गेलं.

बाहेर कोणी हललं नाही. प्राउसने नकाशा गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. डेझमंड कुंपणातून वाट दिसते का ते बघू लागला. मग घराच्या पलीकडच्या अंगाला आवाज आला, खिडकी वर सरकल्याचा. मेण लावलेली खिडकी एका दमात वर गेली होती.

दार पुन्हा उघडलं. प्राउस काही बोलणार, तोच डेझमंडने आणि आणखी दोघांनी त्याला काखेत धरून उचललं आणि, नकाशासकट, उंबरठ्यावर नीट आपटलं.

"आता तुम्ही साक्षीदार," डेझमंड म्हणाला.

प्राउस बसल्या जागीच राहिला. परवानगी न काढता हसला.

मग डेझमंड पुढे झाला आणि सवयीने गोणपाटावर बूट घासू लागला. एनिडने वाकून ते गोणपाट त्याच्या पायांखालून ओढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज कोणी बूट पुसू नका. तसेच या."