वस्तादाची पाठ

संयोगिताला ट्रेनिंगचं बोलावणं आलं त्या दिवशी घरात आधी पेढे आले आणि पाठोपाठ भांडण आलं. पेढे आणले तिच्या वडिलांनी, आकारामनी. भांडण आणलं त्यांच्या थोरल्या भावानं, दादासो वस्तादानं.

वस्तादांना घरात सगळे आबा म्हणत. पेठेतली निंबाची तालीम त्यांची. मान बैलासारखी, कान मोडून मोडून गोबीच्या गड्ड्यासारखे झालेले आणि आवाज असा, की त्यांनी गल्लीच्या तोंडाला खाकरलं तरी गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. घरात त्यांच्या शब्दाच्या पुढं कुणी जात नसे. आकाराम तर त्यांच्यासमोर खुर्चीतसुद्धा अर्धेच बसत.

अर्धेच बसून ते सांगत होते, "सीमेवरच्या दलात घेतलंय हिला. मेडिकलमधी. आधी फौजी ट्रेनिंग, पळणं, रायफल, सगळं. मग जखमी माणसाला गोळीबारातनं बाहेर कसं काढायचं, ते."

आबांनी पेढा तोंडापर्यंत नेला आणि परत खोक्यात ठेवला.

"कोण काढणार बाहेर?"

"संयू."

"ही?" आबा तिच्याकडं बघून असे हसले, की पेढे घ्यायला आलेले शेजारीही हसायला लागले. "चिपाड हाय ते! गुऱ्हाळाच्या घाण्यातनं निघाल्यालं. ही माणूस उचलणार? हिलाच कुणीतरी उचलून घरी आणून सोडंल!"

आधीची संयोगिता असती तर इथं तिचे डोळे भरले असते. शाळेत फळ्यापुढं उभं केलं की घाम फुटणारी पोरगी ती. पण मधे नर्सिंगचा कोर्स झाला होता, दोन बाळंतपणांना हात लावून झाला होता आणि रोज पहाटे रंकाळ्याला चकरा मारून पायांत वारं भरलं होतं. शिवाय भरतीच्या मैदानावर तिनं तिच्याहून दांडग्या पोरींना मागं टाकलं होतं. हे सगळं कुणाला तरी दाखवायची तिला अशी खाज सुटली होती, की विचारता सोय नाही.

"उचलीन की," ती म्हणाली.

"कुणाला गं?"

"कुणालाबी. तुमाला!"

स्वयंपाकघरात बनाबाईंची पळी थांबली. बनाबाई म्हणजे आबांच्या मंडळी. शेजाऱ्यांनी पेढा चघळायचा थांबवला. आबांची मान आधी लाल झाली, मग कान.

"मला? ये मग रविवारी तालमीत! हौदातनं मला भाईर काढून दाखव. काढलंस तर खुशाल जा, मी सोता गाडीवर सोडायला येतो. आन् न्हाय निघालो, तर गप घरात बसायचं आन् मुरगूडच्या पावण्यांस्नी लग्नाला व्हय म्हणायचं. ठरलं?"

"ठरलं."

आता यातली गोम अशी. कोल्हापुरात पोरी मॅटवर कुस्त्या मारतात, पदकं आणतात, आबा त्यांच्या सत्काराला जाऊन टाळ्याही वाजवतात. पण त्या दुसऱ्यांच्या पोरी आणि ती दुसऱ्यांची मॅट. निंबाच्या तालमीचा हौद म्हणजे तेल, ताक, हळद, लिंबू घालून पिढ्यान्‌पिढ्या मळलेली लाल माती, आणि त्या मातीत आजवर बाईचं पाऊल पडलेलं नव्हतं. पोरगी दारातनंच माघारी फिरणार, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर बोलावलं.

शेजारी गेल्यावर आकाराम अंगणात आले. "कशाला बोललीस गं तसं? मी हळूहळू समजावलं असतं त्यास्नी."

"पप्पा, तुमी हळूहळू समजावूस्तवर मी रिटायर होऊन परत यीन."

"आन् न्हाय जमलं तर?"

"तरी जाणार हाय. पण मग मागल्या दारानं जावं लागंल, आन् पळून गेली म्हणतील. तुमाला आयुष्यभर टोमणे खायला लागतील. मला ते नगंय. मी पुढल्या दारानं जाणार, चार माणसांत, आन् आबा माझी ट्रंक उचलणार."

आकाराम मान हलवत आत गेले. पण त्या दिवसापासून संयोगिताच्या दुधाच्या पेल्यात साय दुप्पट यायला लागली आणि ती कोण घालतंय हे कुणी विचारलं नाही.

सरावाला माणूस हवा होता. रूपाली शेजारच्याच गल्लीतली, पहिलीपासूनची मैत्रीण आणि अंगानं चांगली भरलेली. तिला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या बाजूला आडवी पाडायची आणि खांद्यावर घेऊन जिना उतरायचा, असा कार्यक्रम सुरू झाला.

"मी मेलोय का जित्ता हाय ते तरी सांग," रूपाली पडल्या पडल्या विचारायची. "म्हंजे तसं तोंड करतो."

"बेशुद्ध हायस."

"बेशुद्ध माणसानं भडंग खाल्लं तर चालतंय काय?"

"गप पड की गं!"

पहिल्या दिवशी दोघी मिरच्यांत पडल्या आणि संध्याकाळपर्यंत डोळे चोळत बसल्या. मग कंबरेतनं नाही, गुडघ्यातनं उठायचं, हे अंगात भिनलं. भरती अकॅडमीचे सर सांगायचे ते सगळं ती पुटपुटत करायची: आधी हाक मार, मग उताणं कर, श्वास बघ, मग उचल. हाक, उताणं, श्वास, उचल. शनिवारी तिनं रूपालीला जिना उतरवून थेट गोठ्यापर्यंत नेलं आणि म्हशीच्या गव्हाणीत नेऊन ठेवलं. रूपालीनं आतूनच टाळ्या वाजवल्या.

बनाबाई मिरच्या हलवायला निघाल्या होत्या. कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ही झाली रूपाली. आन् त्यास्नी कशी उचलणार गं? मला त्यांचं ताट उचलताना मनगट दुखतंय."

"बघू की, थोरल्या आई."

"बघू काय? काढच त्यास्नी भाईर," बनाबाई म्हणाल्या आणि इकडं तिकडं बघून गच्चीवर गेल्या.

रविवारी सकाळी संयोगिता ट्रॅकपँट चढवून, ओढणी कंबरेला करकचून बांधून तालमीच्या दारात उभी राहिली. आत जोर-बैठका चालू होत्या. एका पोराचं लक्ष गेलं, तो ओरडला आणि मग लंगोटावरच्या पैलवानांची टॉवेलासाठी जी काय पळापळ झाली, तशी पळापळ त्यांनी पोलिसांची गाडी बघूनही केली नसती. दोघं एकाच टॉवेलात शिरले.

सम्राट नावाचा आबांचा लाडका पठ्ठा आडवा आला. "ए संयू! भाईर थांब! बाईमाणसानं मातीत यायचं नसतंय."

"मी आलो न्हाय. वस्तादांनी बोलावलंय. इचार त्यास्नी."

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. तिच्यामागं दारात एव्हाना गल्ली जमली होती. बनाबाई, रूपाली, पदरात भाजी घेतलेल्या दोघी-तिघी आणि सगळ्यांच्या मागं टाचा उंचावून आकाराम.

आबा अडकले. नको म्हणावं तर वस्तादानं शब्द फिरवला म्हणून दुपारच्या आत पेठभर होणार. ये म्हणावं तर माती बाटली म्हणून जुनी खोडं बोलणार. त्यांनी कोनाड्यातल्या मारुतीकडं पाहिलं. मारुती काही बोलला नाही.

"पाया पड मातीच्या," शेवटी ते म्हणाले. "मग उतर."

तिनं चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौदात उतरली. माती गार होती, मऊ होती आणि तिला ताकाचा वास होता. एवढ्यासाठी एवढं केलं होतं होय यांनी, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"झोपा, आबा. गोळी लागलीय तुमाला."

आबा झोपले. पण कसे? पोटावर! हातपाय फाकून, कोपरं मातीत रोवून, मगरीसारखे. पोरं गालातल्या गालात हसायला लागली. कारण कुस्तीत खाली गेलेला गडी पोटावरच पडतो. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. आणि दादासो वस्तादाची पाठ लागलेली कुणी बघितली नव्हती. बनाबाई तर सांगायच्या, हा माणूस गादीवरसुद्धा कुशीवर झोपतो.

"आबा, ऐकू येतंय का?" ती गुडघ्यावर बसली. "श्वास बघायचाय. उताणं करतो तुमाला."

तिनं त्यांचा एक हात लांबवला, पाय गुडघ्यात दुमडला, खांद्याला आणि कंबरेला धरून ओढ दिली. आबा तसूभर हलले नाहीत. तिनं पुन्हा ओढलं. त्यांनी कोपर आणखी रोवलं. तिनं पाय रोवून जीव खाऊन ओढलं आणि स्वतःच मागं कोलमडली.

"सोडू नका वस्ताद!" पोरं ओरडली.

"फसली!" सम्राट म्हणाला.

संयोगितानं कपाळावरचा घाम पुसला, तशी लाल माती भुवईपर्यंत फासली गेली. "आबा, तुमी जखमी हायसा का पैलवान हायसा? एक काय ते ठरवा. गोळी लागलेला माणूस डाव टाकत न्हाय."

"पाठ लावणार न्हाय मी," आबा मातीत तोंड ठेवून म्हणाले. "उभ्या जन्मात लावली न्हाय."

"मग लावू नका."

ती उठली. कंबरेची ओढणी सोडली आणि आबांच्या अंगावर पांघरली. ओढणी पुरेना. डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं. शेवटी तिनं डोकंच झाकलं आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "जखमी मेला! श्वास बघू दिला न्हाय. माझा इलाज संपला. पुढचा कोण?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आबांना मेलेलं म्हणायची छाती आजवर कुणाचीच झाली नव्हती. तेवढ्यात दारातनं बनाबाईंचा आवाज आला.

"अवं, मेला काय तुमी? मग मी बांगड्या फोडू का चहा टाकू? एक काय ते सांगा, दूध गॅसवर ठिवून आलोय!"

हसून हसून पोरांचे टॉवेल सुटायची वेळ आली. सम्राटसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसत होता. ओढणीखाली आबांचे खांदे हलत होते, रागानं का हसून ते काही कळेना.

"मेलो न्हाय अजून," ओढणीखालून आवाज आला.

"मग श्वास दाखवा."

तिनं ओढणी ओढून घेतली. मग आबांनी मातीत रोवलेलं कोपर काढलं. उसाची भरलेली ट्रॉली वळावी तसे ते हळूहळू वळले आणि त्यांची पाठ लाल मातीला लागली. कुणी शिट्टी मारली नाही. पोरांनी माना खाली घातल्या.

आबा वर बघत राहिले. "हितनं छप्पर मी पयल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "गळतंय की रं ते. कुणी सांगायचं न्हाय व्हय?"

संयोगितानं त्यांच्या नाकाशी गाल नेला, छातीवर नजर ठेवली. "श्वास चालू हाय," ती म्हणाली. मग त्यांचा हात मानेमागं घेतला, गुडघ्यात बसली आणि उठायला लागली. आबा मातीपासून सुटले. कमरेपर्यंत आले. तिच्या मांड्या थरथरायला लागल्या, दातावर दात बसले, आणि मग सगळं वजन घसरून दोघंही मातीत बसली.

"न्हाय उचललं!" सम्राट ओरडला. "हारली!"

"हारलीस, पोरी," आबा म्हणाले, पण पेढ्याच्या दिवशीसारखं नाही. हळू म्हणाले.

"कोण हारलं?" ती त्यांच्या डोक्यामागं गेली, काखेतनं दोन्ही हात घातले, त्यांच्या छातीवर मनगटात मनगट अडकवलं आणि मागं जोर दिला. आबांच्या टाचांनी मातीत रेघा उठल्या.

"ए, ओढायचं न्हाय! उचलायचं!"

"उभं ऱ्हाऊन उचललं तर दोघांस्नी गोळ्या बसतात, सम्राट! आडवं ओढलं की दोघं जगतात. आन् आबा म्हणालं हुतं 'भाईर काढ'. कसं काढायचं ते मेडिक ठरवते, जखमी न्हाय!"

सम्राटनं आबांकडं बघितलं. आबा खरंच तसंच म्हणाले होते, आणि पेढे खाणाऱ्या अर्ध्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

हौदाच्या काठाला कट्टा होता. तिथं ती अडली. एकदा जोर दिला, नाही. पुन्हा दिला, नाही. हात सुटायला लागले. आणि तेवढ्यात तिला जाणवलं, की आबांची मान तिच्या दंडावर कलंडली, खांदे सैल झाले, सगळा देह दळणाच्या पिशवीसारखा ढिला पडला. त्यांनी मदत केली नाही. त्यांनी नुसतं अंग सोडलं. जन्मभर कुणापुढं न सोडलेलं अंग. संयोगितानं दम घेतला, टाच कट्ट्याला लावली आणि एका हिसक्यात त्यांना फरशीवर आणलं.

दारातल्या बायकांनी जो कालवा केला, तो पार चौकात ऐकू गेला. आकाराम डोळ्यांना टॉवेल लावून उभे होते, आणि तो टॉवेल तालमीतल्या कुठल्यातरी पोराचा होता.

पण संयोगिता थांबली नाही. फरशीवरनं, उंबऱ्यावरनं ती आबांना तशीच मागं ओढत गल्लीत घेऊन आली. दूधवाल्यानं मोटारसायकल बाजूला घेतली.

"वस्ताद, काय झालं वो?" तो घाबरून म्हणाला.

"काय न्हाय, गोळी लागलीय," आबा आडवेच म्हणाले. मग वर तिच्या तोंडाकडं बघत, "कधी हाय गं तुझी गाडी?"

"मंगळवारी सकाळी."

"मंगळवारी मी रिकामाच हाय. ट्रंक जड हाय काय?"

"लई जड हाय."

"बरं. मग आता थांब की! आणलंस भाईर!"

"गोळीबार चालू हाय अजून," संयोगिता म्हणाली, आणि कोपऱ्यावरनं त्यांना सावलीत वळवलं.