खाडीपलीकडचा उपग्रह

"हलू नको गो! धर तशीच!"

केरूच्या बायकोने, पारीने, छत्रीची कड दोन्ही हातांनी धरली होती. आठ फुटांची जाळीची छत्री, पेणच्या एका केबलवाल्याने भंगारात काढलेली. केरूने तिचे वाकलेले अर्धे गज सरळ केले होते आणि पेणजवळच्या आपल्या वाडीच्या टोकाला विटांच्या चौथऱ्यावर ती बसवली होती. त्याच्या हातातला मीटर आता शिट्टीसारखा वाजत होता.

"घावला काय?"

"घावला! काटा पार वर गेला!"

छत्री पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाला, जवळजवळ आडवी झाली होती. पश्चिमेकडचे शेवटचे उपग्रह आभाळात खाली, डोंगराला टेकल्यासारखे असतात, हे केरूला ठाऊक होतं. सिग्नल जोरदार, चित्र मात्र काहीच नाही. म्हणजे कुलूप लावलेला. म्हणजे अजून कुणालाच न सापडलेला उपग्रह.

"शिरियल दिसंल काय त्याच्यावर?"

"नाय गो. गुपित हाय ता."

"मंग काय चाटायचा हाय?" पारीने हात सोडले आणि खांदा चोळला. "माझा हात मोडला तुझ्या गुपितापायी."

पण ती हसत होती.

केरू घरोघरी टीव्हीच्या लहान छत्र्या लावून द्यायचा. वाडीतल्या प्रत्येक कुडाच्या घरावरची छत्री त्यानेच लावलेली. ते पोटासाठी. ही मोठी छत्री हौशीसाठी. कातकऱ्याला हौस असते, हे लोकांना पटत नाही. त्याला भूक असते, दारू असते, वीटभट्टी असते. हौस कुठून असणार?

हौशी छत्रीवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. रोह्याचे अंबरीश सर, कॉलेजात शिकवणारे, तो चालवायचे. केरूने छत्रीचा आणि मीटरचा फोटो टाकला, सिग्नलचा आकडा टाकला. सरांनी आपल्या गच्चीवरची छत्री त्याच आकड्यावर लावून बघितली आणि लिहिलं, "ग्रेट, केरू! पश्चिमेला नाही मिळाला, पण उत्तरेकडे फिरवली तर रोह्यातही मिळाला! आपल्या ग्रुपचा शोध!" खाली अंगठेच अंगठे. केरूने ते पारीला दोनदा वाचून दाखवलं. एकच गोष्ट पेणमध्ये पश्चिमेला आणि रोह्यात उत्तरेला कशी, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही आलं नाही. आनंदात माणूस आंधळा होतो, त्याला शिक्षण आडवं येत नाही.

दोन दिवसांनी तोच फोटो भलत्याच ग्रुपांवर फिरत आला. खाली मजकूर होता: 'धरमतर खाडीजवळ शत्रूच्या उपग्रहाचा गुप्त सिग्नल. कोण ऐकतंय? देशभक्त असाल तर पुढे पाठवा.'

फोटोत छत्रीच्या मागे केरूचं घर दिसत होतं.

तेव्हा तो खांब गावात एका ढाब्याच्या पत्र्यावर छत्री लावत होता. त्याचे पाय असे लटपटले की ढाबेवाला खालून ओरडला, "अरे उतर, पडशील मेल्या! सकाळीच लावलीस काय?"

उतरतो तोच फोन वाजला. अंबरीश सर.

"केरू, मला पोलिसांचा फोन आला होता. छत्री तुझी आहे, असं सांगितलं मी. खोटं नाही ना?"

"नाय सर."

"मी माझे मेसेज उडवलेत. आणि माझं नाव तू घेऊ नकोस. माझी नोकरी आहे, बाबा."

"सर, पण म्या काय केला?"

फोन बंद झाला होता.

घरी जायचं की सरळ रान गाठायचं? केरूचा आजा रानात पळायचा. चोरी कुणाच्याही घरी होवो, शिपाई आधी कातकरवाडीवर. राज्य बदललं, कायदे बदलले, शिपायाची पायवाट तीच राहिली. पण आज्याच्या मागे पारी नव्हती. केरू मिळेल त्या टेम्पोने घरी आला.

जीप वाडीत उभी होती. पारी छत्रीला पाठ लावून उभी होती.

"चोरीची नाय, साहेब! इकत घेतलेली हाय!" ती ओरडत होती. एका शिपायाने कोयत्याने वायर तोडली. केरूला बघताच दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. वाडीतली सगळी माणसं दारात होती. कुणी बाहेर आलं नाही. केरूला त्यांचा राग आला नाही. तोही आला नसता.

पोलीस ठाण्यात बोलावून घेतलेल्या अंबरीश सरांना खुर्ची होती, चहा होता. केरू भिंतीशी उकिडवा.

"कोणाला माहिती पाठवायचास?" फौजदाराने विचारलं.

"कोणाला नाय."

"मुंबईत ओळखतोस कुणाला? पैसे कोण देतं?"

"नाय साहेब, कोण नाय."

"हा म्हणतो गुपित उपग्रह, आणि ओळखत कुणाला नाही!" फौजदाराने टेबलावर काठी आपटली. केरूची चड्डी ओली झाली. त्याने गुडघे जवळ घेतले. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुपारनंतर मोबाईल टॉवरच्या कंपनीतून, सिग्नल तपासायला पोलिसांनी बोलावलेली एक बाई आली. इशिता नावाची इंजिनिअर, गळ्यात ओळखपत्र. तिने आकडा बघितला, दोन्ही छत्र्यांची तोंडं कुठे होती ते विचारलं आणि तिला हसू आवरेना.

"साहेब, हा उपग्रहच नाही. खाडीपलीकडच्या डोंगरावर आमचा टॉवर आहे. तो एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे सिग्नल फेकतो, जमिनीवरूनच. एक तोंड पेणकडे, एक रोह्याकडे. मोठ्या छत्रीत तो शिरतो. आणि उत्तरेला आपल्याकडे असला उपग्रह नसतोच कधी. खूप जण फसतात यात."

"म्हणजे यडपटपणा," फौजदार म्हणाला.

"हो, तसंच."

सरही हसले. सुटल्यासारखे, जरा मोठ्यानेच.

फौजदाराने कागद ओढला. "चल रे, मिटवू. लिहितो, अडाणी आहे, भंगारातून उचललं, त्यातलं काही कळत नाही. अंगठा दे आणि चालू पड."

"तेच बरं आहे, केरू," सर म्हणाले. "सुटशील."

केरू उठला. शाईचा डबा समोर होता. अंगठा टेकवला की घर, भाकरी, पारी. त्याने हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला.

"मला कळतंय, साहेब."

"काय?"

"म्या भंगारातनं उचलली नाय, इकत घेतली. मीच जोडली, मीच फिरवली. सरांना उत्तरेला घावला तवाच मला कळायला पायजे होता. नाय कळला. चूक माझी हाय. तशी लिवा. आनि मला सही येते."

"कळत होतं म्हणून लिहिलं तर तुला आत घालता येईल. समजतंय?"

"व्हय."

इशिता आता हसत नव्हती. फौजदाराने शिवी घातली, कागद चुरगाळला आणि सांगितलं, "बस तिथंच."

संध्याकाळपर्यंत त्याला बसवून ठेवलं. मग काहीच न लिहिता हाकललं. छत्री ठेवून घेतली.

पारी फाटकाबाहेर उभी होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आपला घामेजला हात त्याच्या तोंडावरून फिरवला.

"मारला काय?"

"नाय."

वाडीत शिरले तेव्हा दिवे लागले होते, पण कुठल्याच घरातून टीव्हीचा आवाज नव्हता. पत्र्यांवर नुसते लोखंडी दांडे उभे होते. छत्र्या लोकांनी उतरवल्या होत्या. कुणी गवताखाली घातली होती, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यामागे.

म्हातारी कृष्णाबाई आपली छत्री गोणपाटात गुंडाळत होती.

"मावशे, ती कशाला काढलीस? ती टीव्हीची हाय. तिला कोण काय नाय करत."

"तू म्हनला व्हतास तुझीलाबी कोण काय नाय करत."

"दे, मी परत लावतो."

म्हातारीने गोणपाट छातीशी धरलं, आत गेली आणि दाराला आतून दांडा लावला. केरू बाहेर उभा राहिला. मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन, हळू, समजावल्यासारखा तो बोलला, "सकाळी येतो गो मावशे. बरोबर तोंड मला म्हाईत हाय तिचा."