कापलेल्या माणसांची सीडी

आमच्या मालकांचं नाव धर्मराज. ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं, त्यालाच ठाऊक! केदारखेड्याला माझ्या रामकिसनदादाच्या घराची वास्तुशांती व्हती. गडबडीत पहिला फेटा धाकट्या जावयाला बांधला गेला आन् थोरल्याला, म्हणजे आमच्या मालकांना, दुसरा. झालं! भरल्या ताटावरून उठले. तवापासून माझं माहेर बंद. दादा माफी मागायला आल्ता, तर ह्यांनी आतून कडी लावली. लोक बांधाच्या भांडणात बी एवढा राग धरत न्हाईत.

औंदा लेकीचं जमत आलं. पाव्हणे जांब समर्थचे, सर्जेराव आन् त्यांच्या मालकीण उषाबाई. मला घोर एकच, बोहल्यावर पोरीच्या मागं मामा कोण उभा राहणार? मी म्हणले, "दादाला बोलवा." तर म्हणे, "मामा काय, कोणाला बी उभं करू." हो ना, बाजारात किलोवर भेटतात मामा!

ह्यांना घोर निराळाच. पाव्हणे सुपारी फोडायला येणार, तर त्यांना आपला थाट दिसला पायजे. आमच्या लग्नाला, शहाऐंशी साली, जालन्याहून शूटिंगवाला आल्ता. त्याची कॅसेट पेटीत पडून व्हती. ती घेऊन आम्ही भोकरदनला हुकमचंदशेठच्या दुकानात गेलो. शेठ जुन्या कॅसेटी कम्प्युटरमध्ये भरतात, काटछाट करतात आन् सीडी बनवून देतात.

कॅसेट सगळी भरून झाली. मालक खुर्ची ओढून शेठच्या शेजारी बसले. "हिच्या माहेरचा एक बी माणूस दिसला न्हाई पायजे."

शेठ म्हणले, "धर्मराजभाऊ, लग्न आहे. नवरीकडचे लोक तर राहणारच."

"कापा म्हणलं ना!"

मंग काय, कापाकापी सुरू. अंतरपाटाच्या टायमाला माझ्या मागं माझा मामा उभा, ते गेलं. हार घालताना दादानं मला उचललेलं, ते गेलं. ह्यांच्या पायावर पाणी घालून राह्यलेले माझे वडील आले, तवा मालक एकदम वरडले, "थांबा! हे ठेवा. फक्त सासऱ्याचं तोंड काढा." शेठनं चित्र मोठं केलं. राह्यली एक परात, ह्यांचे पाय आन् वडिलांचे हात. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. ह्या माणसाला त्यांचे हात पायजे व्हते, तोंड नको व्हतं. आसं वाटलं, ती परात उचलावी आन् ह्यांच्या टाळक्यात घालावी.

मालक चहाला खाली उतरले. मी विचारलं, "शेठ, कापलेलं कुठं जातं?"

"कुठं जात नाही, भाभी. अजून कम्प्युटरमध्येच आहे."

"मंग ते सगळं मला एका सीडीत भरून द्या." शेठ माझ्याकडं बघून हसले आन् कामाला लागले.

पाव्हणे आले. चहा-फराळ झाला आन् मालकांनी मोठ्या ऐटीत सीडी लावली. घोड्यावर मालक. पंगतीत मालक. मंग परातीत पाय. उषाबाई म्हणल्या, "आगंबाई, हे पाय कोण धुऊन राह्यलं?" मालक खोकले. त्याच्यानंतर एकदम रात्र. मी गळ्यात मंगळसूत्र घालून ह्यांच्या दारात माप ओलांडून राह्यले. लग्न संपलं!

उषाबाईंनी सर्जेरावांकडं बघितलं. सर्जेरावांनी हातातली बशी खाली ठेवली. "व्याही, मांडव न्हाई, मामा न्हाई, आई-बाप न्हाई. खरं सांगा, पळवून आणल्तं का बाईला?"

"छे छे! रीतसर लग्न केल्तं आम्ही!"

"मंग हिचं माणूस एक बी कसं न्हाई? सुपारीचं नंतर बघू. आम्हाला जरा विचार करावा लागंल."

दाराच्या आडून लेक माझ्याकडं बघून राह्यल्ती, रडकुंडीला आलेली. मी उठले, कपाटातली दुसरी सीडी काढली आन् मालकांच्या पुढं धरली. "लावू का?"

घाम पुसत म्हणले, "लाव, लाव जल्दी!"

लावली. भरलेला मांडव. माझी आई, चुलते, मामा. वडील पाय धुऊन वर बघतात आन् आपल्या उपरण्यानं जावयाचे पाय पुसतात. दादा वाढून राह्यलाय, घामानं सदरा भिजलेला, पोराबाळांना उचलून पंगतीत बसवून राह्यलाय. मी बघतच राह्यले. मालक जमिनीकडं बघून राह्यल्ते.

उषाबाईंचं तोंड खुललं. "हे पोरीचे मामा का? माणूस लई मायाळू दिसतो. लग्नात हेच उभे राहणार ना?"

"हा... हेच की," मालक म्हणले. "बोलावलंय त्यांना."

इतकं धडधडीत खोटं! मी फोन ओढला, दादाचा नंबर फिरवला आन् रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला. पाव्हण्यांच्या देखत ठेवता बी येईना.

"हॅलो," मालक म्हणले. "मी धर्मराज बोलून राह्यलो. पोरीचं लग्न जमलंय. मामा पायजे."

दादाचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. समद्या खोलीला ऐकू आला.

"दाजी, किती वाजता पोहोचू?"

का, कशाला, इतक्या वर्षांनी कशी आठवण झाली, एक शब्द न्हाई. मी चहाचे कप उचलून आत गेले आन् पोटभर रडले.